मोजपट्टीबाहेरची पंधरा वर्षे

फ्रेडरिक सँगर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोनदा मिळाले. १९५८ चे पारितोषिक इन्शुलिन या प्रथिनातील अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम शोधल्याबद्दल होते आणि १९८० चे, डीएनएमधील अक्षरांचा क्रम वाचण्याची पद्धत दिल्याबद्दल. एवढे सांगितले की एका यशाकडून दुसऱ्या यशाकडे सरळ चढत गेलेली कारकीर्द डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या दोन कामांच्या मध्ये एक लांबलचक शांत पट्टा आहे. खुद्द सँगर यांनीच आपल्या आत्मपर लेखात इन्शुलिननंतरच्या काळाला ओढगस्तीची वर्षे म्हटले होते. २०१३ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचे केंब्रिजमधील सहकारी सिडनी ब्रेनर यांनी मृत्युलेखात लिहिले की आजच्या विज्ञानव्यवस्थेत सँगर टिकलेच नसते. १९५२ पासून १९६७ पर्यंत त्यांच्या नावावर मोठे असे फारसे काही प्रसिद्ध झाले नव्हते; आजच्या समितीने त्यांच्यावर ‘अनुत्पादक’ असा शिक्का मारला असता. ब्रेनर यांचे हे म्हणणे मृत मित्राविषयीच्या जिव्हाळ्यापोटी आलेले म्हणून सोडून देता येत नाही. शास्त्रज्ञाची योग्यता त्याच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला यावरून ठरवण्याची जी रीत आज जगभर आणि आपल्याकडेही रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी असलेला दोष ते दाखवते. उल्लेखांचा आकडा, म्हणजे संशोधकांच्या नेहमीच्या बोलण्यातले सायटेशन, झालेल्या वापराची नोंद ठेवतो. नेमणूक, बढती आणि अनुदान यांचे निर्णय मात्र पुढे काय होऊ शकेल याविषयीचे असतात. पहिल्या गोष्टीवरून दुसरी ठरवू लागलो, की जे इतरांना आधीच समजले आहे तेवढ्याचेच मोल आपण देतो आणि जे अजून कुणाला समजायचे आहे त्याचा मार्ग बंद करतो.

ही मोजणी मुळात माणसांची योग्यता ठरवण्यासाठी सुरू झालीच नव्हती. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक कल्पना मांडली. एखादा निबंध पुढे कोणकोणत्या निबंधांनी आधाराला घेतला याची सूची केली, तर वाचकाला एका विचाराचा माग काढत पुढे जाता येईल आणि त्या निबंधावर नंतर कोणी आक्षेप घेतले हेही कळेल. १९६० च्या दशकात ही सूची ग्रंथालयांत दाखल झाली. गारफील्ड यांच्यापुढे नमुना होता तो अमेरिकन वकिलांच्या नित्य वापरातील, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या न्यायनिवाड्यांच्या सूचीचा. त्या सूचीत एखाद्या निवाड्याचा पुढे किती वेळा हवाला दिला गेला एवढेच नसते. पुढच्या न्यायालयाने तो मानला, वेगळ्या परिस्थितीतला म्हणून बाजूला ठेवला की साफ रद्द ठरवला, हेही नोंदलेले असते. रद्द ठरलेला निवाडा शंभर वेळा उल्लेखला गेला म्हणून कोणी वकील त्यावर भिस्त ठेवणार नाही. विज्ञानातील सूचीचा आकडा झाला तेव्हा नेमका हा भेद गळून पडला. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, गोवराच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याचा उल्लेख करणाऱ्या निबंधांची संख्या हजाराच्या वर आहे आणि त्यांतले बहुसंख्य त्याचे खंडन करणारे आहेत. नुसती बेरीज केली तर तो निबंध अत्यंत प्रभावी ठरतो. तो प्रभावी होताच, पण त्या प्रभावाने मुलांच्या लसीकरणाचे नुकसान झाले, आणि ही गोष्ट बेरजेत कुठे उमटत नाही.

मग सर्वाधिक उल्लेख कशाचे होतात? रेणवीय जीवशास्त्रापुरते तरी याचे उत्तर स्पष्ट आहे: रोजच्या प्रयोगात लागणाऱ्या पद्धतींचे. २०१४ मध्ये ‘नेचर’ने आजवरच्या सर्वाधिक उल्लेखलेल्या शंभर निबंधांची यादी केली. तिच्या अग्रभागी होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध. द्रावणात प्रथिन किती आहे हे रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची रीत त्यात आहे आणि त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले होते. दुसऱ्या स्थानी लेमली यांचा १९७० चा, जेलवर विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याच्या पद्धतीचा निबंध होता. तिसऱ्या स्थानी ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, पुन्हा प्रथिने मोजण्याचाच. चौथ्या स्थानी सँगर यांची १९७७ ची डीएनए-वाचनाची पद्धत होती. वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा, डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना सांगणारा निबंध पहिल्या शंभरात नव्हता. जीवशास्त्राची दिशा ज्या निबंधाने बदलली तो यादीबाहेर आणि प्रथिने मोजण्याच्या दोन रीती पहिल्या तिघांत, हा योगायोग नव्हे. पद्धत वापरणारा प्रत्येक प्रयोगकर्ता तिचा उल्लेख करतो. सगळ्यांच्या विचारात मुरलेल्या कल्पनेचा उल्लेख करण्याची गरज कुणालाच वाटत नाही. लाउरी यांनी स्वतःच आपला हा निबंध काही थोर निबंध नव्हे असे प्रांजळपणे कबूल केले होते. त्यांच्या पद्धतीने हजारो प्रयोगशाळांचे काम सोपे केले, ही त्यांची खरी आणि मोठी सेवा आहे. पण उपयुक्तता हा एक गुण झाला आणि सखोलता हा दुसरा. एकाच आकड्यात दोन्ही शोधायला गेलो की फसगत ठरलेली.

आता सँगर यांच्या त्या शांत वर्षांकडे वळू. या काळात ते रिकामे बसले नव्हते. प्रथिनांकडून ते हळूहळू न्यूक्लिक आम्लांकडे सरकत होते. १९६२ मध्ये ते केंब्रिजच्या नव्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत आले. तिथे मॅक्स पेरुट्झ, जॉन केंड्र्यू, फ्रान्सिस क्रिक आणि ब्रेनर त्यांच्या अवतीभवती होते. इन्शुलिनसाठी घडवलेली तंत्रे आरएनएला लागू पडत नव्हती, म्हणून नवी तंत्रे शून्यापासून उभी करावी लागली. किरणोत्सारी फॉस्फरसने आरएनए चिन्हांकित करायचा, विकरांनी त्याचे तुकडे करायचे, ते दोन दिशांनी पसरवून वेगळे करायचे, फिल्मवर त्यांचे काळे ठिपके उमटवायचे आणि ठिपक्यांवरून क्रम जुळवायचा, असे ते काम होते. आरएनएच्या पहिल्या मोठ्या क्रमाचा मान अमेरिकेत रॉबर्ट हॉली यांच्या गटाने १९६५ मध्ये पटकावला. सँगर यांच्या गटाचा १२० अक्षरांचा आरएनए-क्रम १९६७ मध्ये आला. स्पर्धेच्या हिशेबात हा उशीरच. पण या काळात त्यांच्या हाती जे आले ते त्या १२० अक्षरांहून मोठे होते: लांब साखळीचे तुकडे एका अक्षराच्या फरकाने वेगळे करून वाचण्याची दृष्टी. १९७५ मधली त्यांची डीएनए-वाचनाची पहिली पद्धत, १९७७ मधला एका विषाणूचा पाच हजारांहून अधिक अक्षरांचा संपूर्ण जीनोम आणि त्याच वर्षीची साखळी मध्येच खुंटवून वाचण्याची पद्धत, ही सारी या दृष्टीतूनच निघाली. १९८१ मध्ये माणसाच्या मायटोकाँड्रियाचा १६,५६९ अक्षरांचा क्रम त्यांच्या प्रयोगशाळेने वाचला, आणि पुढे मानवी जीनोमचा प्रकल्प याच पद्धतीच्या आधारावर उभा राहिला. १९५२ ते १९६७ या काळात त्यांच्या उल्लेखांचा आलेख पाहून कोणी निर्णय घेतला असता, तर या सगळ्याची सुरुवात तरी कशी झाली असती?

आलेखात न दिसणारी आणखीही एक गोष्ट सँगर यांच्याकडे पहिल्यापासून चालू होती. माणसे तयार होत होती. सँगर यांचे पहिले पीएचडी विद्यार्थी रॉडनी पोर्टर यांना प्रतिपिंडांच्या रचनेसाठी १९७२ चे नोबेल मिळाले. १९७० च्या दशकात त्यांच्याकडे पीएचडी केलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना गुणसूत्रांच्या टोकांवरील कामासाठी २००९ चे. क्रम वाचण्याचे जे शिक्षण ब्लॅकबर्न यांना तिथे मिळाले, त्याच्याच बळावर त्यांनी ती टोके वाचली. गुरूने शिष्याला दिलेली प्रश्न विचारण्याची रीत कुठल्याही संदर्भसूचीत छापली जात नाही.

उल्लेखांच्या मोजणीत सर्वांत खोल यशच अदृश्य होते, हेही लक्षात घ्यावे लागेल. आज प्रयोगशाळेत कोणी ‘सँगर सिक्वेन्सिंग’ केले, तर निबंधात तेवढेच लिहिले जाते. १९७७ चा निबंध संदर्भात बहुधा नसतोच. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे नेमके वर्णन केले आहे: कल्पना ज्ञानात इतकी विरघळते की तिचा मूळ धनी विस्मरणात जातो. आपल्या देशातले याचे ठळक उदाहरण म्हणजे जी. एन. रामचंद्रन. मद्रास विद्यापीठात सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येते आणि कोणत्या कोनांत येत नाही याचा आलेख प्रसिद्ध केला. त्यांच्या हाताशी साधने तुटपुंजी होती, प्रश्न मात्र अचूक होता. आज जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना उलगडली, की ती बरोबर आहे का हे रामचंद्रन आलेखावर ताडून पाहतात. संगणकातील आज्ञावली हे काम आपोआप करते आणि बहुतेक निबंधांत मूळ लेखाचा पत्ताही नसतो. पाठ्यपुस्तकात जाऊन बसणे हा विज्ञानातला सर्वोच्च सन्मान मानला, तर त्या सन्मानाबरोबर उल्लेख कमी होतात हे मान्य करावे लागते.

याला पहिला आक्षेप असा येतो की ही सारी अपवादांची यादी आहे. सरासरीने पाहिले तर उत्तम शास्त्रज्ञांचे उल्लेख जास्तच असतात. नोबेल विजेते इतरांपेक्षा कितीतरी अधिक उल्लेखले जातात हे स्वतः गारफील्ड यांनीच दाखवले होते. हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. हजारो संशोधकांच्या समूहाविषयी, एखाद्या विषयाच्या देशव्यापी प्रगतीविषयी बोलायचे असेल तर हा आकडा उपयोगी पडतो. अडचण तो एका माणसावर लावताना येते. उल्लेखांची वाटणी अतिशय विषम असते. थोड्या निबंधांना प्रचंड उल्लेख, बाकीच्यांना मोजके. अशा वाटणीत सरासरीवरून एका व्यक्तीविषयी फारच थोडे कळते. त्यात वेळेचा प्रश्न वेगळाच. पदाचा निर्णय पाच-सहा वर्षांत होतो, कामाची किंमत कळायला वीस वर्षे लागू शकतात. कातालिन कारिको यांची पेन्सिल्वेनिया विद्यापीठातील कारकीर्द सर्वांना ठाऊक आहे: एमआरएनएवरील कामाला अनुदान मिळेना, १९९५ मध्ये पदावनती झाली. ड्रू वाइसमन यांच्याबरोबर २००५ मध्ये त्यांनी दाखवले की आरएनएमधील एक अक्षर रासायनिकदृष्ट्या किंचित बदलले तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर तुटून पडत नाही. त्या निबंधाकडे तेव्हा फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. कोविडच्या लशी आल्यावर उल्लेखांचा पूर आला आणि २०२३ मध्ये नोबेल. तोपर्यंत विद्यापीठाचा निर्णय होऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. समूहाची सरासरी बरोबर असूनही एका माणसावर अन्याय होतो तो असा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि भारतात तर तो टाळताच येणार नाही. आकडे काढून टाकले तर उरते काय? तज्ज्ञांचे मत. आणि तज्ज्ञांचे मत म्हणजे अनेकदा ओळखपाळख, गटबाजी, जात, संस्थेचे नाव आणि वशिला. छोट्या शहरातल्या महाविद्यालयातून आलेल्या, मागे कुणी नसलेल्या संशोधकाला निदान आकडा तरी साथ देतो. तो कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. ही तक्रार ज्यांनी हा अन्याय सोसला आहे त्यांच्या अनुभवातून आलेली आहे, म्हणून तिचा आदर राखूनच उत्तर द्यायला हवे. प्रश्न असा की आकडा खरेच तोंडाकडे पाहत नाही का? मर्टन यांनीच १९६८ मध्ये दाखवले की समान दर्जाच्या कामाचे श्रेय आधीच नामांकित असलेल्याकडे अधिक वाहते. मोठ्या संस्थेतला, परदेशी सहकारी असलेला, परिषदांना जाऊ शकणारा, गाजत्या विषयावर काम करणारा संशोधक लवकर आणि जास्त उल्लेखला जातो. विदर्भातल्या एखाद्या स्थानिक रोगजंतूवर कोणी काम केले, तर त्याचा उल्लेख करू शकणारे संशोधकच जगात मूठभर. म्हणजे वशिला आकड्यातही शिरलेला असतोच. फरक इतकाच की तिथे तो दिसत नाही आणि त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. तज्ज्ञाचा पक्षपात निदान उघडा पाडता येतो, त्याने आपले कारण लेखी द्यावे अशी सक्ती केली तर. पक्षपातावरचा उपाय न्यायनिर्णयाला कारणे देण्याचे बंधन घालणे हा आहे. न्यायाधीशच नको, असे आपण न्यायालयांविषयी म्हणत नाही. इथेही म्हणू नये.

शिवाय आकड्याला पगार जोडला की आकडाही पूर्वीचा राहत नाही. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स सुचवला. कोणाचे दहा निबंध प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेखले गेले असतील तर त्याचा एच दहा, अशी ती सोपी रीत. पुढे त्यांनीच लिहिले की या मोजमापाचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. २०१९ मध्ये लाखभर शास्त्रज्ञांच्या उल्लेखांची छाननी झाली, तेव्हा किमान अडीचशे जण असे आढळले की त्यांचे निम्म्याहून अधिक उल्लेख त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सहलेखकांनी केलेले होते. आपल्याकडे हा प्रकार निबंधांच्या संख्येपासून सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांसाठी गुणांची पद्धत आणली, पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापणे सक्तीचे झाले, आणि ही भूक भागवण्यासाठी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी शिफारस केलेली १००९ नियतकालिके तपासली; २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतली ८८ टक्के निकृष्ट होती. त्यानंतर आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून चार हजारांहून अधिक नावे वगळली, नवी यादी करण्याचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राकडे आले, २०२२ मध्ये पीएचडीसाठी निबंधाची सक्ती उठली आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. निबंधांच्या मोजणीतून इतके शिकल्यावर आता उल्लेखांच्या मोजणीवर तोच विश्वास टाकायचा का? दरवर्षी जगातील ‘आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी येते आणि आपली विद्यापीठे तिच्या जाहिराती करतात. त्या जाहिरातींत संबंधित माणसाने शोधले काय, याचे एक वाक्यही सहसा नसते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. सगळे निबंध वाचणार कोण? सगळे वाचायचे नाहीतच. अर्जदाराने आपले सर्वोत्तम चार किंवा पाच निबंध निवडावेत, प्रत्येकात आपला वाटा कोणता आणि त्यातून कोणता प्रश्न सुटला हे पानभरात लिहावे. अंतिम फेरीतल्या आठ-दहा जणांचे हे निबंध समितीने वाचावेत आणि निवडीची कारणे लेखी नोंदवावीत. यात स्वप्नरंजन काहीच नाही. पेशीजीवशास्त्रज्ञांच्या सॅन फ्रान्सिस्कोतील २०१२ च्या बैठकीत तयार झालेल्या जाहीरनाम्याने हेच सांगितले: नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातील निबंधांना मिळणाऱ्या सरासरी उल्लेखांवरून, माणसाचे मोल करू नका, कामाचा आशय पाहा. हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. निबंधांच्या संख्येत जगात अग्रेसर असलेल्या चीननेही २०२० मध्ये आकड्यांवरची भिस्त कमी करण्याचे आदेश काढले. ज्या समितीला पाच निबंध वाचायला सवड नाही, तिने एका माणसाच्या तीस वर्षांच्या नोकरीचा आणि त्यावर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशाचा निर्णय घेण्याचा अधिकार सांगू नये.

शेवटचा आक्षेप सँगर यांच्यावरच आहे: अशा असामान्य माणसावरून धोरण ठरत नसते, त्यांना मोकळीक दिली म्हणून प्रत्येकाला पंधरा वर्षे कशी द्यायची? लोकांच्या पैशाचा हिशेब नको का? हिशेब हवाच. सँगर यांच्या घरची स्थिती चांगली होती, त्याचा त्यांना सुरुवातीला आधार झाला, आणि पहिल्या नोबेलने त्यांच्याभोवती कवचही उभे केले. विज्ञानातली मोकळीक घरच्या पैशावर किंवा आधीच्या कीर्तीवर अवलंबून राहू नये, हाच यातून निघणारा धडा आहे. त्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेला पैसा देणाऱ्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेलाही उत्तर द्यावे लागत होतेच. पण ते काम समजणाऱ्या माणसांना द्यावे लागत होते. पेरुट्झ किंवा क्रिक यांना सँगर यांच्या फिल्मवरील ठिपके पाहून कळत होते की गाडी कुठवर आली आहे. हिशेब मागणारा जाणकार असेल तर आकड्याची गरज कमी पडते. तो अजाण असेल तर आकडाही त्याला वाचवू शकत नाही. म्हणून आपल्या विद्यापीठांना नव्या निर्देशांकाची गरज नाही. दुसऱ्याचे काम वाचणे, त्यावर सही करून मत देणे आणि ते मत चुकले तर त्याची जबाबदारी घेणे, हे अध्यापकाच्या कामाचा भाग मानून त्यासाठी वेळ आणि मान देणारी व्यवस्था त्यांना उभारावी लागेल. ती उभारेपर्यंत उल्लेखांचे आकडे जरूर पाहावेत, पण ग्रंथपाल पाहतो तसे: कोणता विचार कुठे गेला आणि तिथे त्याचे काय झाले, हे शोधण्यासाठी.